चौक लिहिणारे हात

आपल्यापैकी जे अकोले तालुक्यातील आहेत, त्यांनी घाटघरच्या कोकणकड्यावरून खाली पाहिले असेल. अहिल्यानगर म्हटले की इतरांना दुष्काळ आठवतो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सदाहरित रान आहे, हे त्यांना सांगावे लागते. कड्याखाली शहापूरचे जंगल पसरले आहे आणि त्याच्याही पलीकडे, वायव्येस, डहाणू-तलासरीचा वारल्यांचा मुलूख.

‘सहनिर्मिती’ हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. एका चित्राखाली चार नावे आली की सहनिर्मिती झाली, असे मानण्याची रीत पडली आहे. वारल्यांचा लग्नचौक याहून निराळा. शेणाने सारवून गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सुवासिनी एकत्र बसून तांदळाच्या पिठाने चौक काढतात. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हीच त्यांची लेखणी. धवलेरी गाते. चौकात पालघट देवी येते, भोवती झाडे वाढत जातात. त्याखाली कोणाचेही नाव नसते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. या स्त्रिया चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जाई. संस्कृतात चित्राला ‘आलेख्य’ म्हणत. शिष्टभाषेने टाकून दिलेला हा अर्थ त्यांनी जपला आहे.

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांमुळे ही चित्रे कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. 2003 मध्ये ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासह त्यांचे प्रदर्शन जर्मनीत झाले. हे मोठेच काम होय. परंतु कागदावर आलेल्या चित्रामागे ना गाणे उरले, ना शेजारी बसलेली बाई.

रानाचे काय? काडी, गेरू, डिंक हे सारे तेथलेच. रान या निर्मितीतील एक भागीदारच आहे. मुंबईच्या आरेमध्येही वारल्यांचे पाडे आहेत. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील 2 हजारांहून अधिक झाडे दोन-तीन दिवसांत तोडली गेली, तीही ज्या शहराच्या भिंतींवर हौसेने वारली झाडे रंगवली जातात त्याच शहरात! लिपी टिकली म्हणजे भाषा टिकली, असे मी वर्गात कोणाला म्हणू देत नाही. साडीच्या काठावर वारली आकृती दिसते म्हणून चौक टिकला, हे विधानही त्याच जातीचे आहे.

या घटकाच्या स्वाध्यायासाठी आपण एवढे करावे. नागपंचमीला भिंतीवर नाग उमटवताना किंवा लग्नघरी भिंत सजवताना आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया कोणते क्रियापद वापरतात, ते टिपून ठेवावे. काढतात, रेखतात, घालतात, की लिहितात? आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी कोण बसलेले असते, रंग व काडी कोठून आणली जाते, हेही विचारावे. उत्तर ‘आता दुकानातून’ असे आले, तर पूर्वी ती कोठून येत असे, ते त्या ठिकाणाच्या नावासह लिहावे.