हात धुतलेस का?

पेण तालुक्यातल्या गागोद्याला, भाव्यांच्या घरात, एका मुलाने गूळ चोरला. मुलगा बाहेरचा नव्हता, घरातच राहायचा. आजीने त्याला पकडून आजोबांपुढे उभं केलं. आजोबा म्हणजे शंभूराव भावे. त्यांच्या नातवाने, विनोबांनी, ही आठवण पुढे सांगितली आहे. शंभूराव म्हणाले, ही चोरी नव्हे, याने न विचारता घेतला एवढंच. मागितला असता तर मिळालाच असता. मुलाला त्यांनी सांगितलं, पुन्हा हवासा वाटला की माग. आणि विचारलं, गूळ घेताना हात धुतले होतेस का? नव्हते धुतले. मग यापुढे धुऊन घेत जा. हळूहळू त्या पोराची सवय सुटली.

या गोष्टीतलं हात धुणं मला फार मोलाचं वाटतं. नुसती माफी मिळाली असती, तर तो मुलगा उपकाराखाली दबून, मान खाली घालून घरात वावरला असता. पण हात धुवायला आपण कोणाला सांगतो? आपल्या पंगतीला बसणाऱ्याला. त्या प्रश्नासरशी तो पुन्हा घरातला झाला आणि घरातला झाला म्हणून घरचा नियमही त्याला लागू झाला.

ही आठवण सांगणारे, १८९५ साली गागोद्यात जन्मलेले विनोबा मे १९६० मध्ये चंबळच्या बेहडांतून पायी हिंडत होते. दरोडेखोर मानसिंहाच्या मुलाने, तहसीलदारसिंहाने, तुरुंगातून त्यांना पत्र धाडलं होतं. वीसेक बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, विनोबांपुढे बंदुका ठेवल्या. कायद्यातून सुटका होईल असं वचन विनोबांनी दिलं नव्हतं. खटले चालले, माणसं तुरुंगात गेली. तरीही टीका झालीच. दरोडेखोरांचा सन्मान होतो आणि ज्यांची घरं त्यांनी उजाड केली त्यांना कोण विचारतो, असा टीकेचा सूर होता. तो प्रश्न खोटा नव्हता. शंभूरावांचा गूळ शंभूरावांचाच होता, म्हणून तो सोडून देणं त्यांच्या हातात होतं.

दिवेआगरला गेलं की हा प्रश्न अंगावर येतो. तिथे १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या वाडीत जमिनीखाली तांब्याची पेटी सापडली आणि पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. गावाचं दैवतच उजेडात आलं. मार्च २०१२ मध्ये रात्री दरोडा पडला. मुखवटा गेला आणि देवळाची राखण करणारे दोघे जण मारले गेले. आरोपी पकडले गेले, सोनं मिळालं ते वितळवलेलं. २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, त्यांत जन्मठेपाही होत्या. २०२१ मध्ये परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा देवळात बसला. सोनं पुन्हा घडवता आलं. ते दोघे राखणदार गेले ते गेलेच.

त्यांच्या घरच्यांना क्षमा करा म्हणून सांगायला जाण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. दुसऱ्याच्या दुःखावर आपण उदार व्हायचं, यात क्रौर्य आहे. पण आतल्या माणसांचं काय? सोन्यापायी दोन जीव घेणारा माणूसही उद्या सकाळी कोठडीत उठणार आहे, चहा पिणार आहे, म्हातारा होणार आहे. तो सडो, असं म्हणायला माझं मन तयार होत नाही. त्याने काय केलं हे त्याला रोज आठवावं आणि तरीही त्याच्याकडून कुणीतरी चांगल्याची अपेक्षा ठेवावी, असं मला वाटतं.

तशी अपेक्षा ठेवून पाहिल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर वसवलं गेलं. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह, शेती करून राहू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. शिक्षा संपलेली नव्हती. पण नांगर हातात होता, पीक घ्यायची जबाबदारी होती, संध्याकाळी परतायला घर होतं.

दिवेआगरच्या गुन्हेगारांनाही पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या वागण्यातून, अशा एखाद्या शेतापर्यंत पोचता यावं, असं मी मनापासून इच्छितो. आणि त्या राखणदारांच्या घरातलं कुणी मला म्हणालं की नाही, त्याने मरेपर्यंत भिंतीआडच राहावं, तर मी वाद घालणार नाही. त्यांच्या ओटीवर बसून ऐकेन. माझी इच्छा तरीही तीच राहील.