चहाच्या टेबलावरचं विद्यापीठ

दुपारचे तास आटोपले की आम्ही चार-पाचजण पुणे विद्यापीठातल्या अनिकेत कॅन्टीनला जमतो. आज विषय सत्र पद्धतीचा. मुलांना विषयाची गोडी लागतेय न लागतेय तोच अंतर्गत परीक्षा, मग गुणांच्या याद्या. शिकवण्यापेक्षा अभ्यासक्रम उरकण्याचीच घाई. मला हे मनापासून खुपतं. संख्याशास्त्राचे सर मात्र लगेच भूप रागाकडे वळले, आणि वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी वहीतून वडाचं वाळलेलं पान काढून त्याच्या शिरा बोटाने दाखवल्या.

मग खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांची आठवण निघाली. इथेच, विद्यापीठाच्या आवारात, 1988 साली त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. विज्ञानकथा मात्र आवर्जून मराठीत लिहिल्या. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली सही मिळे. किती साधी युक्ती! सहीसाठी का होईना, मूल प्रश्न शोधायला लागतं.

बाई म्हणाल्या, "सर, पुढच्या सत्रात मीही करून बघते. हजेरीबरोबर प्रत्येकाकडून एक प्रश्न." संख्याशास्त्राच्या सरांनी लगेच विचारलं, "आणि उत्तरं कधी देणार?" त्यावर बराच वेळ वाद रंगला.