हळदीच्या काट्यावर तोललेला प्रवास

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचं शेवटचं बोइंग ७४७ जम्बो मुंबईहून अमेरिकेकडे निघालं. आत प्रवासी नव्हते. तिकडे नेऊन ते मोडीत काढायचं आणि भाग सुटे करायचे, असं ठरलं होतं. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकांनी विमान एका अंगाला झुकवून मुंबईचा निरोप घेतला. त्याची चित्रफीत आमच्याकडे साताऱ्या-सांगलीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बरीच फिरली. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जम्बोत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तरी त्यांना चुटपुट का लागली, हे मला अगदी कळतं.

या जम्बोंपैकी पहिलं, ‘एम्परर अशोक’, १९७१च्या एप्रिलमध्ये मुंबईत उतरलं. बाहेरून खिडक्यांभोवती लाल रंगात राजवाड्यातल्यासारखे झरोके रंगवलेले. आत भिंतींवर भारतीय चित्रं, गोल जिना चढून वर गेलं की पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची खोली. आणि सगळीकडे तो कमरेत वाकलेला, मिशाळ महाराजा. १९४६ साली एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी त्याला जन्माला घातलं. जे. आर. डी. टाटांच्या कंपनीची शान अशी की १९६७ साली साल्वादोर दालीकडून तिने पाहुण्यांना भेट द्यायला रक्षापात्र करून घेतलं आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू दिलं!

या सगळ्यापासून आमचे दोन जिल्हे फार लांब होते. कराडजवळ वारुंजीला कोयना धरणाच्या काळात बांधलेली एक धावपट्टी, सांगलीजवळ कवलापूरला दुसरी. दोन्हींवरून आजतागायत रोजची विमानसेवा काही सुरू झाली नाही. पण सांगलीत १९४७पासून वालचंदचं इंजिनिअरिंग कॉलेज होतं, १९६०पासून कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आणि १९६२पासून मिरजेला मेडिकल कॉलेज. तिथून शिकून बाहेर पडलेली पोरं साठ-सत्तरच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेला जाऊ लागली. विमान आमच्या घरात शिरलं ते या पोरांच्या पाठोपाठ.

माझे एक मामा त्यातलेच. त्या काळी परदेशी जायचं तर तिकिटाआधी रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर व्हावा लागायचा आणि खिशात आठ डॉलर घेऊन माणूस निघायचा. आठ डॉलरवर पोरगं परमुलखात उतरणार, म्हणून मग घरच्यांचा सगळा जीव बॅगेत उतरायचा. मेतकूट, लसणाची चटणी, भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, आणि कुणी काही म्हणो, लोणच्याची बरणी. सामानाला वीस किलोची मर्यादा. घरात वजनकाटा कुठला? मामांची बॅग सांगलीच्या मार्केट यार्डात, ओळखीच्या अडत्याकडे, हळदीची पोती तोलायच्या काट्यावर चढली. हमालांनी वजन ओरडून सांगितलं, आजीने बरणी बाहेर काढली, पुन्हा वजन झालं, आजीने बरणी परत आत घातली आणि दोन स्वेटर काढले. अडत्याने आपणहून सांगितलं की काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, काळजी करू नका. बॅगेवर बसलेली हळद अमेरिकेपर्यंत गेली असणार.

पोहोचवायला कुणी एकटं-दुकटं जात नसे. मेटॅडोर ठरायची. जाणाऱ्याला ओवाळायचं, हातावर दही, गळ्यात हार. मग कात्रजचा नाहीतर खंडाळ्याचा घाट लागला की निम्मी गाडी आजारी. मुंबईत मुक्काम लालबाग-परळला, गिरणीत कामाला असलेल्या गाववाल्यांच्या खोलीवर. सातारा जिल्ह्यातली किती तरी माणसं त्या खोल्यांत पाळीपाळीने झोपायची. त्या रात्री ती बाहेर गॅलरीत झोपली आणि पाहुण्यांना पंखा दिला. विमान सांताक्रूझहून मध्यरात्रीनंतर. तिथे तिकीट काढून प्रेक्षकांच्या गॅलरीत उभं राहता यायचं. खाली अंधारात निळे-पिवळे दिवे, शेपटीवर उजेड पडलेली विमानं. आपला माणूस नेमका कशात बसला आहे हे कुणालाच धड ठाऊक नसायचं. म्हणून जे विमान हलेल त्याला हात करायचे, रुमाल हलवायचे. आजीने त्या रात्री किमान तीन विमानांना निरोप दिला, असं आई सांगायची. तिन्हींतली माणसं सुखरूप पोहोचावीत, अशीच तिची इच्छा असणार.

परतताना विमानाची एखादी वस्तू तरी घरी यायचीच. मामा पहिल्यांदा आले तेव्हा एअर इंडियाची खांद्याला अडकवायची रेक्झिनची बॅग घेऊन आले. लाल-पांढरी, एका अंगाला महाराजा, दुसऱ्या अंगाला धनुष्य ताणलेला अर्धा घोडा, अर्धा माणूस. मामांनी ती आजोबांना दिली. आजोबांनी तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, जमिनीच्या दाव्याचे कागद आणि पानाची चंची ठेवली. कोर्टाच्या तारखेला निघाले की बॅग खांद्यावर. एसटीत अनोळखी माणूसही विचारायचा, “आबा, कोण असतं परदेशी?” मग मिरजेपर्यंत मामांची सगळी कहाणी. चेन तुटली तेव्हा चांभाराने बंबाच्या जाळीएवढ्या जाड दातांची नवी चेन बसवली. महाराजाची मिशी आधी झिजली, मग पगडीचा तुरा. बॅग खुंटीवरून उतरली नाही.

असं घराघरांत होतं. कुणाकडे महाराजाचे पत्ते, कुणाकडे विमानातला चमचा, कुणाकडे एअर इंडियाचं कॅलेंडर. ते कॅलेंडर वर्ष सरलं तरी भिंतीवर राहायचं, कारण त्यावरची चित्रं जुनी होत नसत. विमानातच लिहायला कागद-पाकीट मिळे. त्यावर लिहिलेलं मामांचं पत्र आमच्या वाड्यात चारचौघांत वाचलं गेलं. उड्डाणाआधी हवाई सुंदरी तबकातून गोळ्या आणि कानात घालायला कापूस देते, हे आम्हाला त्या पत्रातून कळलं, आणि तो कापूसच आम्हा पोरांना सगळ्यात नवलाचा वाटला.

टपालावरून आठवलं. आपल्या नागपूरला १९४९पासून १९७३पर्यंत रोज रात्री एक देखणा प्रकार चालायचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्री तिथे जमायची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची, आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. त्या काळच्या विमानप्रवासात असं एकमेकांसाठी थांबणं होतं. मला त्याची फार ओढ वाटते.

ते दिवस सोन्याचे होते असं मात्र मी म्हणणार नाही. तिकीट कित्येकांच्या वर्षाच्या पगाराबाहेर. बंद विमानात सिगारेटींचा धूर. आणि १ जानेवारी १९७८च्या रात्री तेच ‘एम्परर अशोक’ उड्डाणानंतर काही क्षणांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. आज उडणं त्या मानाने कितीतरी सुरक्षित आहे, आणि आवाक्यातलंही. विट्या-खानापूर-आटपाडीकडचे आमचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले. घरी कुणी गेल्याची तार आली तरी केरळातून नाहीतर आसामातून रेल्वेने यायला त्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस लागत. आई-बापाचं तोंड शेवटचं बघायला मिळत नसे. आता ते पुण्याला उतरून संध्याकाळपर्यंत गावात असतात. हे सुख कुठल्याही झरोक्यापेक्षा मोठं आहे, आणि ते परत हिरावून घेऊन जुना थाट आणावा असं कुणी म्हटलं तर मी आधी भांडेन.

पण त्या काळी एक माणूस उडायचा आणि सारी आळी त्याच्याबरोबर उडायची. अडत्या, हमाल, लालबागचे गाववाले, मेटॅडोरचा ड्रायव्हर, एसटीतला अनोळखी प्रवासी, सगळ्यांचा त्यात वाटा होता. हा वाटा गेला, त्याचं मला दुःख आहे. १ जून २००८पासून जगभरातल्या विमान कंपन्यांनी कागदी तिकीट बंद केलं. लाल कार्बनची ती पुस्तिका, जी देवापुढे ठेवून कुंकू लावायचे, ती संपली. आता भाचा परदेशी जातो तेव्हा पहाटे दारात टॅक्सी येते, आम्ही फाटकापर्यंत जातो, आणि पुढचा सगळा प्रवास मोबाइलवर ठिपक्यासारखा सरकताना बघतो. चुकीच्या विमानाला हात करायची सोय त्यात नाही.

एअर इंडियाने जमवलेली हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्यांची चित्रं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवायचं सरकारने ठरवलं, हे फार चांगलं झालं. पण आमच्याकडची मिशी झिजलेली बॅग, अर्ध्या फाटलेल्या कार्बनच्या प्रती, सामानाला बांधलेल्या चिठ्ठ्या, मध्यरात्रीच्या गॅलरीतला एखादा अंधूक फोटो यांना जागा कोण देणार? औंधच्या भवानी संग्रहालयाने, साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयाने किंवा सांगलीतल्या कुठल्याही वाचनालयाने यासाठी एक कपाट मोकळं करावं. कराडपासून आटपाडीपर्यंत ज्यांच्या माळ्यावर असं काही पडलं असेल त्यांनी, ते भंगारवाल्याला घालण्याआधी, तिथे आणून द्यावं. आमच्या आजोबांची बॅग मी द्यायला तयार आहे, कागद काढून घेतले की. दावा अजून चालू आहे.