पाणी उतरल्यावर

आपल्याकडे सह्याद्रीत ‘डोंगरातलं तळं’ म्हटलं, की ते बहुतेक वेळा धरणाचंच पाणी असतं. भोरच्या आसपास बघा ना! एकीकडे वेळवंडी नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं भाटघर, दुसरीकडे नीरेवर बांधलेलं नीरा-देवघर. पावसाळा संपला की हॉस्टेलमधली निम्मी जनता तिकडे बाईक काढते. मागे डोंगर, खाली निळंशार पाणी, मध्ये आपण... झाला फोटो!

माझ्या काकांनाही तसाच फोटो हवा होता. त्यांना फोटोग्राफीचा भयंकर नाद. दर ऑक्टोबरला ते म्हणायचे, “चल, काठोकाठ भरलंय.” आणि दर ऑक्टोबरला काकू म्हणायची, “न्यायचंच तर मे महिन्यात न्या, अहो.” आता मे महिन्यात तळ्याचा फोटो म्हणजे काय, नुसत्या भेगा! पण लग्नाला २५ वर्षं झाली, म्हणून काकांनी एकदाचं तिचं ऐकलं. माझी परीक्षा संपलेली, त्यामुळे ट्रायपॉड उचलायची ड्यूटी माझ्याकडे.

सातारा रस्त्यावर कापूरहोळला वळून भोर गाठलं आणि आधी आंबवड्याला गेलो, कारण तिथे काकूची आत्या राहायची. गर्द झाडीत नागेश्वराचं देऊळ आणि तिथेच ओढ्यावर संस्थानकाळातला झुलता पूल. भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण यांची समाधीही याच गावात आहे. मी सिव्हिलवाला, त्यामुळे पुलाचे तारदोर बघत बसलो. काकांनी काकूला पुलावर उभं केलं. “जरा हस की!” ती हसली, पण कॅमेऱ्याकडे बघून नाही. “लहानपणी इथे उड्या मारायचो आम्ही. पूल हलला की आत्या ओरडायची.”

मग परत भोरला येऊन महाडच्या रस्त्याला लागलो. नीरा-देवघरचं पाणी पार खाली गेलेलं, काठाला तपकिरी उतार उघडा पडलेला. काका म्हणाले, “बघ, म्हटलं नव्हतं?” काकू मात्र तोपर्यंत उतरायला लागली होती. एका ठिकाणी ती थांबली. दगडांची एक ओळ होती, बाकी काही नाही. “हे आमच्या घराचं जोतं,” ती म्हणाली. (कॉन्व्हेंटच्या कृपेने ‘जोतं’ हा शब्द मला त्या दिवशी कळला. घर जातं, जोतं राहतं.) “इकडे गोठा. इथे पडवी. इथे आजी भात निवडायची.”

तिचं लग्न झालं तेव्हा धरणाचं काम चालू होतं. माहेरपणाला ती या घरी जेमतेम दोनदा आली. मग घर पाण्याखाली गेलं.

मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी सांगितलं, की या धरणात ११.७३ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे साधारण ३३ हजार कोटी लिटर. काकू म्हणाली, “पाण्याचा राग नाही रे. खाली कालव्यावर दादाला जमीन मिळाली, तो ऊस काढतो. त्याच्या पोरांची शिक्षणं झाली. पण घर कुठेय विचारलं, तर बोट दाखवायला जागा पाहिजे की नाही?”

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना असं विचारताना ऐकलं, “तू सांग, कुठून घेऊ?”

काकूने त्यांना दाराच्या जागी उभं केलं, पाण्याकडे पाठ करून. “सकाळी दार उघडलं की हा डोंगर दिसायचा. एवढाच घ्या.”

तो फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये लावलाय. एक साधा, उन्हाने करपलेला डोंगर. येणारे पाहुणे विचारतात, यात तळं कुठेय? काका शांतपणे सांगतात, “आपण तळ्यातच उभे आहोत.”

आपल्या सिलॅबसमध्ये धरणाच्या धड्यात ‘बुडीत क्षेत्र’ असा शब्द येतो. हेक्टरमध्ये उत्तर काढायचं, खाली दोन रेघा मारायच्या, पुढचं गणित. उत्तर मी अजूनही हेक्टरमध्येच काढतो. फक्त आता त्या आकड्यात मला एक दार दिसतं. मित्रांनो, ऑक्टोबरमध्ये जरूर जा, फोटो झकास येतात. पण जमलं तर एकदा मे महिन्यातही जा.