‘तुला कुणी सांगितलंय?’

वहिनीच्या ब्लँकेटच्या त्या वर्षात घरादाराकडून तिला बरंच ऐकावं लागलं. त्यातलं एकच वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ‘तुला कुणी सांगितलंय?’ आईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं ते म्हणून झालं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, मायेनेच म्हणायचे. म्हणून तर ते जास्त लागतं.

सांगितलं कुणीच नव्हतं. 2024 च्या पहिल्या दिवशी तिनं स्वतःच ठरवलं, की पुण्याच्या रोजच्या कमाल तापमानाची एक ओळ विणायची. जितकं तापमान, त्याप्रमाणे लोकरीचा रंग. लीप वर्ष, म्हणजे ओळी 366. शेवटची ओळ 31 डिसेंबरलाच पडली पाहिजे.

कल्पना काही तिची नव्हे. परदेशात असं ‘टेंपरेचर ब्लँकेट’ विणणाऱ्या पुष्कळजणी आहेत. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी 2017 मध्ये जगाच्या तापमानवाढीचं ब्लँकेट क्रोशावर विणलं होतं. त्यांचेच सहकारी एड हॉकिन्स यांचे निळ्या-लाल पट्ट्यांचे ‘क्लायमेट स्ट्राइप्स’ 2018 मध्ये जगभर गाजले, त्यामागे या ब्लँकेटचीही प्रेरणा होती. पुण्याच्या बाईला आकड्यांसाठी फार लांब जावं लागत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, ते पुढे दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. शिवाजीनगरचा आकडा संध्याकाळी कळला, की वहिनी तो कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायची आणि जेवणं आटोपल्यावर सुई हातात घ्यायची.

परदेशी तक्ते मात्र इथे कुचकामी. त्यांत निम्मे रंग शून्याखालच्या थंडीसाठी. वहिनीनं दर दोन अंशांना एक रंग असा स्वतःचा तक्ता केला: चोवीसच्या खाली गडद निळा, मग मोरपंखी, पोपटी, पिस्ता, लिंबू, हळदी, केशरी, शेंदरी, डाळिंबी आणि चाळिसाच्या वर वांगी. रुंदीला दोनशे टाके, सगळे क्रोशाचे मुके खांब. ते बुटके असतात, म्हणून 366 ओळींची लांबी माणसाच्या उंचीएवढी होते. उंच खांब घातले असते तर ब्लँकेट दारातून व्हरांड्यात गेलं असतं.

आणि मग जे दिसायला लागलं, त्यानं मी थक्क झाले. जन्म पुण्यात गेला, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. लिंबू-हळदीवरून मार्चात केशरी, एप्रिल-मे शेंदरी-डाळिंबी, आणि जूनमध्ये पाऊस आला तसा रंग एकदम खाली, पोपटीवर. वर्षातले सगळ्यांत गार रंग कुठे असतील? मी म्हणाले, पौषात. ते आले आषाढ-श्रावणात. पुण्यात जुलै-ऑगस्टचे दिवस डिसेंबरच्या दिवसांपेक्षा थंड असतात. डिसेंबरची थंडी असते रात्रीची, दुपारी ऊन तिशीच्या आसपास असतंच. ढग सूर्य अडवतात, एवढी साधी गोष्ट. 25 जुलैला खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पूर शिरला. त्या दिवसाच्या ओळीत वहिनीनं लोकरीबरोबर एक रुपेरी दोराही धरला. ती ओळ अजून बोटांना वेगळी लागते.

आता जे सांगायचंय ते.

माझा भाऊ एका कंपनीत हिशेब बघतो. त्याचा मार्च एंड आला की घरात टीव्हीचा आवाज कमी होतो. पाहुणे ‘एप्रिलात या’ म्हणून परतवले जातात, त्याचं ताट झाकून ठेवलं जातं. ते योग्यच आहे. माणूस खरोखर दमतो. पण वहिनीचा 31 डिसेंबर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. गणपतीत ओळी मागे पडल्या, त्या तिनं रात्री जागून भरून काढल्या. ऑक्टोबरात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती सेवा तिनं मनापासून केली, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती, आजही नाही. मग दिवाळी, भाचरं, फराळ, मुक्कामाला आलेली माणसं, तुळशीचं लग्न. नोव्हेंबर संपत आला तेव्हा कॅलेंडरवर आकडे नियमानं लिहिलेले होते आणि ब्लँकेट दसऱ्यापाशी थांबलेलं.

तेव्हा एकदा, फक्त एकदाच, ती म्हणाली, “डिसेंबरभर रात्रीचा स्वयंपाक कुणीतरी बघाल का?” त्यावर ते वाक्य पुन्हा आलं. भाऊ हसत म्हणाला, “अगं, तुला कुणी सांगितलंय एकतीस तारखेचं? जानेवारीत कर. काय बिघडतंय?”

बिघडत काहीच नाही. पण हा न्याय घरातल्या इतर कुणाला लागतो का? वरिष्ठानं दिलेली मुदत ती मुदत, परीक्षा ती परीक्षा, सत्यनारायणाचा मुहूर्त तो मुहूर्त. बाईनं स्वतःला घालून दिलेली मुदत तेवढी सरकवण्यासाठीच असते. ज्यांच्या घरात कुणी असं काही ठरवून करत असेल त्यांनी त्या माणसाला ‘काय बिघडतंय’ म्हणण्याआधी एक वेळची पोळीभाजी करून बघावी. वहिनी भांडली नाही. ती मला फोन करून म्हणाली, “ताई, संध्याकाळी येशील? टोकं लपवायची आहेत.”

रंग बदलला की लोकरीची दोन टोकं लोंबत राहतात. जाड सुईत ओवून ती त्याच रंगाच्या टाक्यांत फिरवावी लागतात, नाहीतर धुण्यात सुटतात. मी टोकं लपवत बसले, ती विणत बसली, आणि रात्रीची खिचडी भाऊ लावायला लागला. कुणी काही बोललं नाही, पण लावायला लागला.

एकतीसचा आकडा एकतीसच्या संध्याकाळीच कळणार होता. सोसायटीच्या गच्चीवर गाणी लागली होती. वहिनीनं पिस्ता रंगाचा गुंडा काढला आणि शेवटची ओळ घालून धागा कापला.

पुढे एका प्रदर्शनात ते मांडलं, तर एका बाईंनी सातशे रुपये सांगितले. “वेळ छान जातो ना तुमचा,” असंही म्हणाल्या. लोकरच हजाराच्या पुढची होती. टाके 73,200. एका ओळीला वीस मिनिटं धरली तरी एकशेवीस तासांवर काम, तेही हाताचंच. दोन सुयांच्या विणकामाचं यंत्र विल्यम ली या इंग्रजानं 1589 मध्येच बनवलं. क्रोशाची प्रायोगिक यंत्रं आता कुठे होताहेत, पण कारखान्यात त्याचा माल आजही निघत नाही. म्हणजे दुकानातला स्वस्तातला खराखुरा क्रोशाचा टॉपसुद्धा कुणीतरी हातानंच विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा-लेसला 2024 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या बायकांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. दिवसाचे सहा-आठ तास विणून, परदेशी बाजारात माल जाऊनही या बायका गृहिणीच समजल्या जात, कारण काम ‘फावल्या वेळातलं’. प्रदर्शनातल्या बाईंचं वाक्य ऐकताना मला हेच आठवत होतं. त्या दिवशी मी वहिनीला म्हणाले, पुढच्या वेळी तासांचा हिशेब लिहून किंमत लाव आणि एक रुपया सोडू नकोस.

पुढच्या वेळी खरंच एक गृहस्थ भेटले. ती सांगेल ती किंमत द्यायला तयार. वहिनी विचारात पडली आणि मीच तिचा हात धरला, “देऊ नकोस.” का, ते मला धड सांगता येत नाही. तासांचे पैसे मिळालेच पाहिजेत, हे माझं मत आजही तसंच आहे.

हवामान खात्यानं 2025 च्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, की 1901 पासूनच्या नोंदींत 2024 हे देशातलं सगळ्यांत उष्ण वर्ष. त्यातही दिवसाचं सरासरी कमाल तापमान नेहमीपेक्षा फार वाढलेलं नव्हतं. रात्रीचं किमान तापमान मात्र 0.90 अंशानं जास्त होतं. वहिनीनं ती बातमी दोनदा वाचली. “म्हणजे मी दिवस विणला आणि ऊब रात्रीत होती,” ती म्हणाली. तेव्हापासून कॅलेंडरवर किमान तापमान लिहिलं जातंय, आणि ते सकाळीच कळत असल्यामुळे पहिल्या चहाच्या वेळी आकडा भाऊच वाचून दाखवतो.