बुलेटची चाके आणि कोल्हापूरचे उद्यमनगर

कोल्हापूरला गेलेला खेड्यातला माणूस अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर चक्कर मारतो, जमल्यास चप्पल आणि गूळ घेऊन एस.टी. पकडतो. शिवाजी उद्यमनगर मात्र फार थोड्यांच्या वाटेवर येते. ज्याच्या उसाच्या चरकाचा दाता मोडला, पंपाचा शाफ्ट झिजला किंवा ऑइल इंजिन बसले, तोच तिकडे वळतो. देवळाइतकीच गरज त्याला त्या वेळी या पेठेची असते!

एस.टी. स्टँडवरून रिक्षाने फार वेळ लागत नाही. 'पार्वती टॉकीजजवळ' म्हटले की पुरे. एका गल्लीत लेथ फिरत असतो, शेजारी वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, पलीकडे लाकडी पॅटर्न करणारा सुतार रंधा मारत बसलेला असतो. हवेला कटिंग ऑइलचा आणि तापल्या लोखंडाचा वास. पुढे गोकुळ शिरगावला आणि शिरोलीला मोठ्या वसाहती झाल्या, बडे कारखाने तिकडे उभे राहिले. पण एकच नग करून हवा असेल, आणि तोही जुन्या तुटक्या नमुन्यावरून, तर अजून उद्यमनगरच गाठावे लागते. इथे नकाशा कुणी मागत नाही. तुकडा दाखवायचा, कारागीर तो तळहातावर फिरवतो, कॅलिपर लावतो आणि 'परवा या' म्हणतो.

आम्ही गेलो ते मोटारसायकलची दोन चाके घेऊन. आमच्या आबांची, म्हणजे थोरल्या चुलत्यांची, १९७८ सालची बुलेट गोठ्यालगतच्या खोपटात अकरा वर्षे कडब्याआड उभी होती. मद्रासला १९५५ साली ही गाडी बनू लागली आणि पुढे कित्येक वर्षे तिच्या रचनेत फारसा बदल झाला नाही. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात. भंगारवाला वजनावर दर सांगून गेला होता. घरात दोन तट पडले. आबांचे वय चौऱ्याहत्तर. ते एवढेच म्हणाले, "विकायची तर विका, पण एकदा सुरू झालेली बघू द्या. तुमच्या काकूला दवाखान्यात हिच्यावरूनच नेत होतो."

इंजिनाचे काम घरीच झाले, आणि ते लोकांना वाटते तेवढे अवघड नाही. पिस्टन धरलेला नव्हता. टाकीतला गंज काढला, कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट साफ केले, ऑइल बदलले. ऑइल इंजिन खोललेल्या शेतकऱ्याला बुलेटच्या एका सिलिंडरचे भय वाटू नये. चाकांचे तसे नाही. इंजिन बंद पडले तर माणूस गाडी ढकलत घरी येतो. उतारावर चाकाने दगा दिला तर घरी दुसरेच कुणी आणते. म्हणून पैसे कमी पडत असतील तर रंगाचे, क्रोमचे काम पुढे ढकलावे. चाकाचे ढकलू नये.

आमचे दोन्ही टायर वरून झकास दिसत होते. नक्षी खोल, झीज नाही. पण बाजूला अंगठ्याने दाबले की केसाएवढ्या भेगा उघडत. रबर न चालताही म्हातारे होते. २००० सालानंतरच्या टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात; '२३१९' म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. जुन्या बाजारात नक्षी पाहून टायर घेणाऱ्याने आधी हे आकडे वाचावेत.

रिमच्या आत, पट्टीखाली, गंजाने खड्डे पडले होते आणि तारांच्या भोकांभोवती पत्रा पातळ झाला होता. अशा रिमवर क्रोम चढवणे म्हणजे किडक्या तुळईला रंग देणे. नवीन रिमा घेतल्या. हब मात्र जुनेच ठेवले. आत नवी बेअरिंग आणि ब्रेकला नवे लायनर.

तारा सोडण्याआधी एक माप घेऊन ठेवायचे असते. हबच्या ड्रमवर सरळ पट्टी आडवी धरायची आणि रिमची कड तिच्यापासून किती आत-बाहेर आहे ते दोन्ही चाकांचे लिहून ठेवायचे. रिम नेहमीच हबच्या बरोबर मध्यावर नसते. हे माप हरवले की चाक गोल होईल, पण पुढचे-मागचे एका रेषेत चालणार नाही. उद्यमनगरात एका गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या मेस्त्रींनी हब हातात घेताच पहिला प्रश्न हाच केला. कागद दिला तेव्हा त्यांची मुद्रा जरा सैलावली. मग म्हणाले, "पाव्हणं, चाक बांधतो. पर जुनी एकबी तार घालणार न्हाई."

बुलेटच्या चाकाला चाळीस तारा. आतल्या तारांचा बाक वेगळा, बाहेरच्यांचा वेगळा. मेस्त्रींनी त्यांचे ढीग जमिनीवर मांडले आणि एकेक ओवत गेले. बाज विणणाऱ्याची आठवण झाली. मग चाक स्टँडवर चढवून आऊट काढणे सुरू. खडू रिमजवळ स्थिर धरायचा. फिरताना जिथे लागेल तिथे खूण उमटते. त्या बाजूच्या तारा किंचित ढिल्या, समोरच्या किंचित आवळायच्या, एका वेळी पाव आटा. बाजूचा आऊट गेला की वर-खालचा. शेवटी पान्ह्याने प्रत्येक तारेवर टिचकी. सगळ्यांचा नाद एकसारखा हवा. ढिली तार भद्द वाजते. निपलबाहेर आलेली तारेची टोके त्यांनी कानशीने सपाट केली, नाहीतर ती ट्यूबमध्ये घुसतात. एका चाकाला दीड तास लागला. हे काम शिकायला आता पोरगा मिळत नाही, अलॉयची चाके आली, असे ते काम करता करताच बोलले. तक्रारीचा सूर नव्हता, पण आम्हांला ते बोचले.

टायर घरी चढवले. माप ३.२५–१९, पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. टायर तासभर उन्हात ठेवला की मऊ होतो. रिमपट्टी नवी, ट्यूबही नवीच. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून आत सरकवावी म्हणजे चिमटत नाही. साबणाचे पाणी लावून टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने रिमच्या खोलगट भागात दाबत यावे आणि शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी आणावा. पहार लावू नये! हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मग दोरी ताणून दोन्ही चाके एका रेषेत घेतली.

गाडी सुरू झाली तेव्हा आबा काही बोलले नाहीत. खळ्यात दोन फेऱ्या मारून उतरले आणि नातीला हाक मारली. या जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. आजच्या गाडीवर शिकलेले पोर घाईत नेमका उलटा पाय दाबते. म्हणून तिला त्यांनी आठवडाभर खळ्याबाहेर जाऊ दिले नाही. भंगारवाल्याला निरोप गेला तो त्यानंतर.

नोंदणीची पंधरा वर्षे उलटून गेलेली असली तर फॉर्म २५ भरून, गाडी आर.टी.ओ.कडे तपासून घेऊन, पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. विमा आणि पी.यू.सी. वेगळे.

उद्यमनगरात जाताना हब डिझेलने धुऊन न्यावे, जुन्या तारांतली एक आतली आणि एक बाहेरची नमुन्याला बरोबर असावी, आणि मेस्त्रींचा सुट्टीचा वार फोनवर विचारून घ्यावा. पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर नव्या तारा थोड्या बसतात. तेव्हा पुन्हा एकदा चाक दाखवून यावे. आमच्या मागच्या चाकाच्या तीन तारा भद्द वाजल्या. पाव-पाव आटा दिल्यावर सुरात आल्या. त्याचे पैसे मेस्त्रींनी घेतले नाहीत. चहा मात्र घेतला.