वऱ्हाडांतील लोंकर

गेल्या फाल्गुनांत एका मुंजीच्या निमित्तानें आमचें अमरावतीस जाणें झालें, आणि तेथून पुढें अकोल्यास बंधूंच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. वऱ्हाड म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें कापूस उभा राहतो, व तें योग्यच आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि तेव्हांपासून या काळ्या जमिनीचें नशीब त्या एका बोंडास बांधलें गेलें. परंतु या खेपेस आम्ही निघालों होतों तें निराळ्याच तंतूच्या शोधांत, आणि त्याचें कारण आमची पुतणी.

ही मुलगी रसायनशास्त्राची पदवीधर. गेल्या वर्षीं तिनें एक लहानसा धंदा आरंभिला. मेंढपाळांकडून कच्ची लोंकर घ्यावयाची, ती धुऊन, रंगवून, पिंजून तिचे पेळू करावयाचे, आणि हातानें सूत काढण्याचा ज्यांना छंद आहे अशांस ते टपालानें पाठवावयाचे. असे लोक पुण्याबंगलोरकडे आहेत, इंग्लंड-अमेरिकेंत तर पुष्कळच आहेत. भांडवल म्हणून वडिलांनीं तिच्या लग्नासाठीं ठेवलेल्या रकमेंतून साठ हजार रुपये काढून दिले होते. घरांत अर्थातच दोन पक्ष पडले. वर्षअखेर हिशेब पाहून धंदा पुढें चालवावा कीं मिटवावा हें ठरवावयाचें होतें, व तो हिशेब पाहण्यास काका म्हणून आम्हांस पाचारण झालें होतें. हिशेब पाहण्यापूर्वीं माल कोठून येतो तें पाहावें, असें आम्हीं मनाशीं ठरविलें.

अमरावतीच्या बाहेर पोहऱ्याच्या टेकड्यांकडे गेलें कीं रानांत कच्छी रबारी लोकांचे तळ दृष्टीस पडतात. पांढरे शुभ्र आंगरखे घातलेले उंच पुरुष, काळी लोंकरीचीं वस्त्रें पांघरलेल्या स्त्रिया, आणि संसार वाहणारे उंट. हे लोक चाऱ्याच्या शोधांत गुजराथेंतून विदर्भांत येतात. २०२२ च्या जानेवारींत याच जिल्ह्यांत, तळेगांव दशासर येथें, कच्छी मालकांचे ५८ उंट संशयावरून अडविण्यांत आले होते. पुढें न्यायालयाच्या हुकुमानें ते धन्यांस परत मिळाले. त्या प्रकरणामुळें वऱ्हाडांत उंट असतात हें पुष्कळांस प्रथमच कळलें! आम्हांस मात्र उंटांपेक्षां मेंढरांत अधिक रस होता. रबाऱ्यांच्या मेंढीचें तोंड तांबूस वा काळें, पण अंग पांढरें. हा पांढरेपणाच आमच्या पुतणीच्या धंद्याचा पाया आहे, हें आम्हांस मागाहून उमगलें.

बडनेरा सोडून अकोल्याच्या वाटेस लागल्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पिकें निघालेल्या शेतांत धनगरांचा कळप बसला होता. शेतकरी आपल्या रानांत रात्रीं मेंढ्या बसवितो व खताच्या मोबदल्यांत धनगरास धान्य वा पैसा देतो. हा व्यवहार फार जुना आहे, आणि आजहि धनगराचें पोट लोंकरीवर नसून या लेंडीखतावर व मटणाच्या बाजारावर चालतें. या मेंढ्या दख्खनी जातीच्या, बहुतेक काळ्या. वर्षांतून दोन वेळां त्यांची लोंकर कातरावी लागते. न कातरली तर पावसांत जनावरास त्रास होतो. कातरलेल्या लोंकरीचें काय करतां, असें आम्हीं एका वृद्ध धनगरास विचारलें. तो हंसला.

"आता लोकर कोन इचारते, सायेब? कातराची मजुरी बी निघत नाई. बांधावर टाकून देतो."

त्याची म्हातारी मात्र झाडाखालीं बसून चातीवर सूत काढीत होती. मांडीवर चाती घांसून ती सोडावयाची, आणि ती फिरत असतां दुसऱ्या हातानें तंतू ओढावयाचा. डोळे भलतीकडेच, मेंढरांवर. तिच्या सुना हें काम करीत नाहींत. पूर्वीं या सुताचें घोंगडें विणीत, चिंचोक्यांची खळ देऊन तें ताठ करीत, आणि पावसाळ्यांत तेंच शेतकऱ्याचें छत्र व अंथरूण असे. आतां पानपतच्या गिरण्यांतून जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेलीं स्वस्त ब्लँकेटें आठवड्याच्या बाजारांत येतात, आणि प्लॅस्टिकचा कागद त्याहूनहि स्वस्त. आमच्या पुतणीनें त्या म्हाताऱ्यास लोंकरीचे किलोस पंचवीस रुपये देऊं केले तेव्हां त्याला प्रथम ती थट्टाच वाटली. जी वस्तु आपण बांधावर टाकतों तिला शहरांतली शिकलेली पोर पैसे देते, यांत कांहीं तरी काळेंबेरें असावें असें त्यास वाटलें असल्यास नवल नाहीं.

अकोल्यास जठारपेठेंतील घराची गच्ची म्हणजे आतां एक कारखानाच झाली आहे. पहिलें काम निवडण्याचें, व तेंच सर्वांत कंटाळवाणें. रानांतील कुसळें लोंकरीत अशीं रुतून बसतात कीं तीं हातानेंच वेंचावीं लागतात. मग रिठ्याच्या कोमट पाण्यांत लोंकर बुडवून ठेवावयाची. चोळावयाची नाहीं, पिळावयाची नाहीं. पांच किलो कच्ची लोंकर धुऊन वाळविली कीं तीन किलोच भरते, आणि निवडून पिंजल्यावर अडीच. बाकीची सर्व वऱ्हाडची माती!

धुतांना चोळूं नये, यामागें एक दुःखद प्रकरण आहे. लोंकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवलीं असतात. उष्णता व हालचाल यांनीं तीं एकमेकांत गुंतलीं कीं पुन्हां सुटत नाहींत. आरंभीं एकदां आमच्या पुतणीनें चार किलो लोंकर उकळत्या पाण्यांतून काढून तशीच विहिरीच्या थंड पाण्यांत बुचकळली व काठीनें खूप ढवळली. लोंकरीचा दगडासारखा गोळा झाला. पोर दोन दिवस जेवली नाहीं. आजींनीं मात्र तो गोळा थापटून, कडा कातरून त्याचें आसन केलें व देवघरांत घातलें. लोंकर सोंवळ्यास चालते. आपल्याकडील जुन्या बायका धाबळी नेसूनच सोंवळ्याचा स्वयंपाक करीत. तेव्हां या धंद्यास आजींची संमति प्रथम मिळाली ती अशी.

रंगविण्याचें काम पाहण्याजोगें असतें. काळी दख्खनी लोंकर रंगवीत नाहींत; काळ्यावर रंग दिसणार कसा? ती तशीच पिंजून विकतात. रंग चढतो तो पांढऱ्या लोंकरीवर. प्रथम लोंकरीच्या वजनाच्या सातव्या हिश्शाइतकी तुरटी पाण्यांत विरघळवून तींत लोंकर मंद आंचेवर तासभर ठेवतात. तुरटीमुळें रंग तंतूस धरून राहतो. मग पळसाच्या फुलांचा काढा करून त्यांत ती सोडली कीं सुरेख पिवळा रंग येतो. फाल्गुनांत वऱ्हाडांतील रानें पळसानें पेटलेलीं असतात, आणि मुलें फुलें पोत्यांनीं आणून देतात. डाळिंबाची साल अधिक टिकाऊ पिवळा रंग देते. हळदीचा रंग उन्हांत उडतो, म्हणून ती वर्ज्य. हिरडा व लोखंडाचा गंज मिळून काळपट करडा होतो. तांबडा रंग लाखेचा, व तो बाजारांतून विकत आणावा लागतो. कापसास हेंच रंग देणें फार खटपटीचें. लोंकर मात्र रंग भराभर पिते.

तांबड्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मध्य हिंदुस्थानांत पूर्वीं आल, म्हणजे आपली बारतोंडी, मुद्दाम लावीत व तीनचार वर्षांनीं मुळ्या खणून त्यांपासून तांबडा रंग काढीत. १८६८ सालीं ग्रेबे व लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठेंतील रंगद्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें, आणि थोड्याच वर्षांत हा कृत्रिम तांबडा रंग स्वस्तांत मिळूं लागून आलेची शेती बसली. पुतणी म्हणाली, "काका, मी पण रसायनवालीच ना. त्यांनीं बुडविलें, तें थोडें मी भरून काढतें." तिनें दारांत बारतोंडीचीं दोन रोपें लावलीं आहेत. तिसऱ्या वर्षापर्यंत मुळ्या खणावयाच्या नाहींत, अशी आजींची ताकीद आहे.

पिंजण्यासाठीं ती जुन्या शहरांतील एका पिंजाऱ्याकडे जाते. गाद्यांचा कापूस पिंजण्याचें त्याचें काम यंत्रांनीं जवळजवळ संपविलें. तातीचा तो जुना झणत्कार ऐकून आम्हांस आमचें बालपण आठवलें. तो म्हणाला कीं लोंकर कापसापेक्षां हट्टी, तातीला चिकटते. पण दिवसाचे पैसे सुटतात.

शेवटीं हिशेब. वही स्वच्छ होती. साठ हजारांपैकीं एकेचाळीस हजार विक्रींतून परत आले होते, व सुमारें बारा हजारांचा माल शिल्लक होता. आमच्या बंधूंचा चेहरा थोडा खुलला. पण आम्हांस एक मोठी चूक दिसली. धनगराचे पैसे, पिंजाऱ्याची मजुरी, टपालहंशील, रिठे, तुरटी, सारें कांहीं मांडलें होतें. वर्षभर स्वतः जें निवडलें, धुतलें, रंगविलें, त्याची मजुरी मात्र कोठेंच नव्हती. ती धरली तर तोटा बराच मोठा होतो. हें सांगतांच पुतणी रागावली. आपल्या घरांतील बायकांच्या श्रमांस हिशेबाच्या वहींत रकाना नसतो, ही खोड ती आपल्या धंद्यांतहि घेऊन आली होती. दख्खनी लोंकर जाडीभरडी, ऑस्ट्रेलियाच्या मेरिनोहून दुप्पट वा अधिक जाड. तिला मऊपणाचा भाव मिळणार नाहीं, हेंहि खरें. पण आसनें, सतरंज्या, पिशव्या यांसाठीं तीच बरी, आणि वनस्पतीच्या रंगास गिऱ्हाईक जास्त पैसे देतें, असें तिनें पत्रें दाखवून सिद्ध केलें. बरीच घासाघीस होऊन पेळूंचा भाव सव्वापट करावा, आणि मजुरीचा रकाना घालून आणखी एक वर्ष पाहावें, असें ठरलें.

"म्हणजे भिजत घोंगडें," बंधु म्हणाले.

आजी उठल्या व माळ्यावरून एक तांब्याचा मोठा हंडा काढवून घेतला. तांब्याच्या भांड्यांत पिवळ्यास हिरवट झांक येते, असें पुतणीनें त्यांस कधीं तरी सांगितलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडीस निघालों तेव्हां गच्चीवर चूल पेटली होती.